पाऊस, पिंप आणि ताप

(द्वितीय वर्ष कला)

"हवा बदलली आहे, जपून राहा," असे आपल्या घरातली वडीलधारी माणसे ऋतू पालटताना हमखास सांगतात. सर्दी, पडसे, ताप, जुलाब यांचे कारण विचारावे तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, हवा बदलली. लहानपणी मला वाटे की खरे कारण ठाऊक नसले की माणसे हे उत्तर देतात. गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला हवामान बदलाचा भाग शिकताना मात्र या उत्तराकडे मी पुन्हा वळून पाहिले. ऋतूची हवा बदलली की रोग येतात हे खरे असेल, तर साऱ्या पृथ्वीचीच हवा बदलू लागल्यावर काय होईल?

या प्रश्नाला आमच्या घरातले एक निमित्तही आहे. २०२३ साली आमच्या मराठवाड्यात पावसाने ओढ दिली. पुढे आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येऊ लागले. घरात दोन पिंपे, एक रांजण, चार घागरी आणि मिळेल तो डबा भरून ठेवण्याची धांदल सुरू झाली. दिवाळीनंतर धाकट्या भावाला ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून येणे, मग अंगावर लाल पुरळ. रक्त तपासले तेव्हा डेंग्यू निघाला. पाच दिवस तो दवाखान्यात होता. तो बरा होऊन घरी आला त्याच आठवड्यात आशाताई घरोघर पाहणी करीत आमच्याकडे आल्या. त्यांनी पिंपात विजेरी धरली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"वहिनी, हे पाणी आजच ओतून द्या. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा असतो," त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, "ओतते ताई, पण नळाला अजून पाच दिवस हायेत. तवर लेकरायला काय पाजू?"

दोघीही क्षणभर गप्प राहिल्या. आशाताई आमच्याच गल्लीतल्या. त्यांच्या घरीही नळ आठव्याच दिवशी येतो. त्या वेळी दोघींपैकी कोणाचे बरोबर हे मला ठरवता आले नाही. पुढे महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात जे वाचायला मिळाले त्यातून उत्तर शोधण्याचा मी प्रयत्न केला. तो आपल्यापुढे ठेवते.

ऋतू आणि रोग

रोगांना ऋतू असतात हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. आषाढात मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा अनेक गावांत होती. पटकीची साथ पावसाळ्यात गढूळ पाण्याबरोबर येते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिच्यामागे असावा. युरोपातही अशीच समजूत होती. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे. दलदलीवरून येणारी कुबट हवा हिवताप आणते असे तिकडचे लोक मानीत.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले. हा डास हुसेन खान नावाच्या रोग्याला चावलेला होता. डास चावून घेण्याबद्दल त्या रोग्याला दर डासामागे एक आणा दिला जात असे. या संशोधनासाठी रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून पुस्तकांतून 'वाईट हवा' गेली आणि तिच्या जागी डास आला. परंतु हवा खऱ्या अर्थाने गेलीच नाही, कारण डासाचे सारे आयुष्य हवेवरच चालते.

डासाचा हिशेब

बाहेर थंडी असो वा ऊन, माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राहते. डासाला अशी स्वतःची ऊब नसते. भोवतालची हवा जितकी गरम, जवळजवळ तितकेच त्याचे शरीर गरम. रोग आणि हवामान यांचे नाते समजून घ्यायचे तर या एका गोष्टीपासून सुरुवात करावी लागते.

एडिस इजिप्ती जातीची मादी डेंग्यूच्या रोग्याला चावली की विषाणू तिच्या पोटात जातो. पण ती लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. विषाणू तिच्या शरीरात वाढावा लागतो आणि पोटातून लाळेपर्यंत पोचावा लागतो. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे २५ अंश तापमानात या प्रवासाला सरासरी १५ दिवस लागतात, तर ३० अंशांत साधारण साडेसहा दिवस. आता मादीचे आयुष्य असते दोन ते चार आठवड्यांचे, आणि पुष्कळ माद्या त्याच्याही आधी मरतात. विषाणूला १५ दिवस लागत असतील तर बऱ्याच माद्या रोग पसरवण्यापूर्वीच संपतात. साडेसहा दिवसच लागत असतील तर तीच मादी उरलेल्या आयुष्यात अनेकांना चावून रोगी करू शकते. शिवाय उबेत अळ्या लवकर वाढतात. डास तेवढेच असोत, तरी थोड्या अंशांच्या फरकाने तुरळक रुग्णांची साथ होते ती अशी.

येथे कोणी म्हणेल की पृथ्वीचे तापमान काही पाच अंशांनी वाढलेले नाही. ते खरे आहे. जागतिक हवामान संघटनेने २०२४ हे साल नोंदींतले सर्वांत उष्ण साल ठरवले. ते १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण होते. दीड अंश ऐकायला थोडा वाटतो. पण जे ठिकाण आजवर थंडीमुळे रोगाच्या उंबरठ्याबाहेर राहिले, त्याला उंबरठा ओलांडायला तेवढा पुरेसा होऊ शकतो.

नेपाळचे उदाहरण पाहू. तेथे डेंग्यूचा पहिला ज्ञात रुग्ण २००४ साली नोंदला गेला. २०२२ साली त्याच देशात ५४ हजारांहून अधिक रुग्ण झाले, आणि त्यांतले पुष्कळसे काठमांडूच्या खोऱ्यातले होते. हे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. डोंगरातली थंड हवा डासांपासून रक्षण करते, हा तिथला जुना भरवसा आता राहिला नाही.

मात्र उष्णता वाढली की सर्वत्र रोग वाढतीलच, असेही नाही. हिवतापाला साधारण २५ अंश आणि डेंग्यूला साधारण २९ अंश सर्वाधिक मानवतात. ३५ अंशांच्या वर डासच लवकर मरू लागतात. म्हणजे काही फार उष्ण ठिकाणी रोग कमीही होऊ शकतो. रोगाचा नकाशा नुसता पसरत नाही, तो सरकतो. आणि जिथे तो नव्याने सरकतो तिथल्या लोकांना त्या रोगाची ओळख नसते आणि डॉक्टरांना सवय नसते.

पावसाची दोन रूपे

हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो धो धो पडण्याची शक्यता वाढते, आणि दोन पावसांमधला उघडिपीचा काळही अधिक कडक होतो. या दोन्ही टोकांचा रोगांशी संबंध आहे.

अतिवृष्टीचे उदाहरण महाराष्ट्र विसरलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या रोगाचे जीवाणू उंदीर, गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात आणि पायाला जखम किंवा खरचट असेल तर तेथून शरीरात शिरतात. त्या दिवशी कमरेइतक्या पाण्यातून चालत घर गाठणाऱ्यांपैकी कितीकांच्या पायांवर अशी खरचट असेल! ढगांतून रोग पडला नाही. उंदीर, गटार आणि माणूस यांना पुराने एकाच पाण्यात आणून सोडले.

डेंग्यूची गोष्ट थोडी निराळी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी पुण्यातील डेंग्यूचा आणि हवामानाचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की २७ ते ३५ अंश तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि मध्यम पण विभागून पडणारा पाऊस डेंग्यूला पोषक ठरतो. उलट एका आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अंडी आणि अळ्या वाहून जातात आणि रोग कमी होतो. म्हणजे पाऊस एकूण किती पडला यापेक्षा तो कसा पडला हे महत्त्वाचे. या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. हवामानाच्या नोंदींवरून दोन महिन्यांहून अधिक आधी साथीची सूचना देता येईल, असे या संशोधकांनी दाखवले आहे.

दुष्काळातला ताप

पण आमच्या घरी डेंग्यू आला तो पावसाने ओढ दिलेल्या वर्षी. पाऊस नाही, डबकी नाहीत, मग डास कुठून आले? हे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. त्याचे उत्तर दूरच्या ब्राझील देशातल्या अभ्यासात सापडले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात असे आढळले की अतिवृष्टीनंतर पहिल्या तीन महिन्यांत डेंग्यूचा धोका वाढतो, आणि दुष्काळानंतरही तो वाढतो, पण तीन ते पाच महिन्यांनी. दुष्काळानंतरची ही वाढ शहरी भागांत आणि जिथे पाणीपुरवठा वारंवार खंडित होतो तिथे जास्त होती. कारण सरळ आहे. नळ बेभरवशाचा झाला की लोक घरात पाणी साठवतात.

एडिस डासाला गटाराचे पाणी लागत नाही. त्याला आवडते घरातले स्वच्छ, साठवलेले, सावलीतले पाणी. तो चावतोही दिवसा. आशाताईंनी अळ्या दाखवल्या तेव्हा आईचा चेहरा उतरला होता, कारण घर अस्वच्छ असल्याचा आरोप आपल्यावर आला असे तिला वाटले. खरे तर आमच्या घरात सर्वांत निगुतीने जपलेली वस्तू ते पाणीच होते.

आता नळाचा आणि डासाचा हिशेब एकमेकांशेजारी मांडून पाहावा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करावीत हा नियम याच हिशेबावर बेतलेला आहे. सातव्या दिवशी पाणी ओतले की अळीचा डास होण्यापूर्वी ती मरते. नियम अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण ओतलेले पाणी त्याच दिवशी पुन्हा भरता येईल, हे त्यात गृहीत धरले आहे. नळच आठव्या दिवशी येत असेल तर जपून वापरलेले पिंप सातव्या दिवशीही तळाशी भरलेले असते आणि डासाला हवे तेवढे दिवस आपोआप मिळतात. आशाताईंचे बरोबर होते आणि आईचेही. चुकत होता तो नळाचा हिशेब.

पंजाबचा धडा

हवेबरोबर माणसाची परिस्थिती मिळाली की केवढा अनर्थ होतो, हे आपल्या देशाने एका मोठ्या साथीत पाहिले आहे. १९०८ साली पंजाबात फार पाऊस झाला, पाणी साचले आणि हिवतापाची भयंकर साथ आली. त्या वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तीन लाखांहून अधिक माणसे मेली. अमृतसर शहरात घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. रिकर्ड ख्रिस्तोफर्स या अधिकाऱ्याने या साथीचा अभ्यास करून १९११ साली अहवाल दिला. त्याला पावसाच्या जोडीला आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे धान्याची महागाई. ज्यांच्या पोटात अन्न नव्हते ते तापाने अधिक मेले.

पुढे १९२०च्या दशकात पंजाबात हिवतापाचा अंदाज आधीच वर्तवण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी पावसाचे आकडे पाहत, धान्याचे भाव पाहत आणि शाळकरी मुलांच्या पाणथरीची वाढ तपासत. शंभर वर्षांपूर्वी, संगणक नसताना, पाऊस आणि बाजारभाव एकाच कागदावर मांडून साथ ओळखण्याचा हा प्रयत्न होता. आज आपल्याकडे हवामानाचे उपग्रह आहेत, पण पावसाचे आकडे एका कचेरीत आणि तापाचे आकडे दुसऱ्या कचेरीत असतील तर त्यांचा उपयोग काय?

सारा दोष हवेलाच?

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेकडे २००० साली डेंग्यूचे सुमारे ५ लाख रुग्ण नोंदले गेले. २०१९ साली ही संख्या ५२ लाख झाली. आणि २०२४ साली ती १ कोटी ४० लाखांच्या वर गेली. ही सारी वाढ हवामान बदलाची म्हणणे बरोबर होणार नाही. शहरे वाढली, प्रवास वाढला, पाणी साठेल असे प्लॅस्टिकचे डबे आणि टायर जागोजागी पडू लागले. तपासण्या वाढल्या म्हणून नोंदीही वाढल्या. काठमांडूला रोग पोचला त्यात ऊब आहे तशी वाहनांची वर्दळही आहे.

मला वाटते, हवामानाची भूमिका दार उघडण्याची आहे. दारातून रोग आत येतो की नाही, आणि आला तर कोणाच्या घरात बसतो, हे पाणी, गटार, अन्न आणि दवाखाना या चार गोष्टी ठरवतात. हे नीट सांगितले पाहिजे, नाहीतर दोन चुका होतील. एक, सारे हवामानावर ढकलून गटार तुंबलेले ठेवायचे. दुसरी, सारे घरातल्या बाईवर ढकलून नळ आठ दिवसांनीच सोडायचा.

जुन्या साडीची गोष्ट

एक साधी हकीकत सांगते. पटकीचे जीवाणू पाण्यातल्या अतिसूक्ष्म जलचरांच्या अंगाला चिकटून राहतात, आणि समुद्राचे पाणी उबदार झाले की बंगालच्या किनाऱ्याकडे पटकीचा जोर वाढतो, यावर रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षे काम केले. जीवाणू फार लहान, पण तो ज्याच्या अंगावर बसतो तो जलचर त्या मानाने मोठा. मग तो जलचरच गाळून काढला तर? बांगलादेशात मतलब भागातल्या खेड्यांमध्ये बायकांनी जुनी सुती साडी अनेक पदरी दुमडून तिच्यातून पाणी गाळले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. नवी साडी नको, जुनीच हवी. वापरून वापरून सूत फुगलेले असते, त्यामुळे विणीतली भोके बारीक होतात.

ही हकीकत वाचली त्या रात्री मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आमी बी पाणी गाळूनच भरतो की." मग आम्ही दोघींनी आमच्या पिंपांचा विचार केला. एडिसची मादी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी राहूनही काही महिने जिवंत राहतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणजे पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते. आता नळाच्या दिवशी नवे पाणी भरण्यापूर्वी आम्ही प्रत्येक भांडे काथ्याने घासतो, आणि भरल्यावर तोंडाला जुन्या लुगड्याचे दुहेरी फडके दोरीने घट्ट बांधतो. मादी आत शिरू शकत नाही, आणि आत डास झालाच तर तो बाहेर येऊ शकत नाही. आशाताईंनी हे पाहिले. आता त्या गल्लीत 'पाणी ओता' म्हणण्याऐवजी 'फडके बांधा' असे सांगतात.

पण फडक्याने सारे होणार नाही, हेही मी जाणते. फडके बांधणे आमचे काम आहे, नळाचे दिवस कमी करणे ते काम ज्यांचे आहे त्यांनी करावे. आणि एक काम आपल्या महाविद्यालयालाही करता येईल. भूगोल विभागाच्या विद्यार्थ्यांनी रोजचा पाऊस आणि तापमान वहीत लिहावे. शेजारी नळ कोणत्या दिवशी आला हे लिहावे. सरकारी दवाखान्यातून महिन्याला तापाचे किती रुग्ण आले तो आकडा, कोणाचे नाव न घेता, मागून आणावा. अशी वही पाच वर्षे नेटाने चालवली तर आपल्या गावाला ताप केव्हा येतो हे आपल्याला आधी सांगता येईल. पंजाबात शंभर वर्षांपूर्वी जे झाले ते आपल्या आवारात होणे अवघड नाही. प्राध्यापक मंडळींनी मनावर घ्यावे, आम्ही विद्यार्थी नोंदी घ्यायला तयार आहोत.

घरात आता कोणी "हवा बदलली" म्हणाले की मला पूर्वीसारखे हसू येत नाही. हवा खरोखरच बदलली आहे. त्यामुळे मी उठून आधी पिंपाचे फडके नीट बांधलेले आहे की नाही ते पाहते, आणि नळाला किती दिवस राहिले ते मोजते.